तळाचा स्वर

चंडीगढ शहराच्या उत्तर टोकाला, शिवालिकच्या टेकड्या पाठीशी घेऊन, सचिवालयाची सुमारे अडीचशे मीटर लांबीची इमारत उभी आहे. तिथल्या राजधानी-संकुलातील काचेच्या भिंतींकडे बारकाईने पाहिले, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. काचांमधल्या काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या सारख्या अंतरावर नाहीत. काही ठिकाणी त्या दाटीवाटीने येतात, पुढे हळूहळू विरळ होतात आणि पुन्हा एकमेकींजवळ सरकतात. रोज कचेरीत जाणाऱ्या एखाद्या कारकुनाला ही गवंड्याची चूक वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु ती चूक नव्हे. वास्तुकार ल कॉर्ब्यूझिए याने १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘मोड्युलर’विषयक दुसऱ्या ग्रंथात या रचनेला संगीताचेच नाव दिले आहे. पट्ट्यांची अंतरे ठरविण्याचे काम त्याने ज्या तरुण सहकाऱ्याकडे सोपविले होते, तो यानिस झेनाकिस नावाचा ग्रीक स्थापत्य-अभियंता दिवसा काँक्रीटचे हिशेब करीत असे आणि उरलेल्या वेळी संगीतरचना करीत असे.

हा झेनाकिस १९५१ नंतर काही काळ पॅरिसमध्ये ऑलिव्हिए मेसिआँ या संगीतकाराच्या वर्गात जाऊन बसत असे. मेसिआँच्या विद्येचा एक झरा कुठून आला होता, हे कळल्यावर मराठी माणसाने थबकावे. तो आला होता देवगिरीहून. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तील १२० देशी तालांची यादी एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली होती. ती मेसिआँच्या हाती पडली आणि त्याने ते ताल आपल्या रचनांत वापरले. १९४१ च्या जानेवारीत जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत प्रथम वाजलेल्या त्याच्या चौकडीतही शार्ङ्गदेवाचे ताल आहेत. यावरून चंडीगढच्या काचा शार्ङ्गदेवाच्या तालात बसविल्या आहेत, असे म्हणणे मात्र ओढाताणीचे होईल. गुरूच्या गुरुस्थानी असलेल्या ग्रंथाचा हात शिष्याच्या प्रत्येक कामावर असतोच असे नाही. एवढेच म्हणता येईल, की देवगिरीपासून चंडीगढपर्यंत एक वाट आहे आणि ती पॅरिसवरून जाते.

शार्ङ्गदेव हा तेराव्या शतकातील यादव राजा सिंघण याच्या पदरी होता. त्याचे घराणे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले आणि पिता सोढल यादवांच्या सेवेत रुजू झाला. शार्ङ्गदेव स्वतः हिशेबखात्याचा प्रमुख अधिकारी होता. आपल्याकडे संगीतशास्त्राचा व्यासंग सरकारी अधिकाऱ्यांनी करावा, ही प्रथा इतकी जुनी आहे. त्याच्या ग्रंथातील तालांनी युरोपचा प्रवास केला. परंतु त्याच ग्रंथातील दुसरा एक विचार, ज्याची युरोपला खरोखर गरज होती, तो मात्र तितका गाजला नाही. तो विचार म्हणजे मूर्च्छना.

मूर्च्छना म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगता येते. सात स्वरांची एकच रांग घ्यावी, परंतु आरंभ दर वेळी निराळ्या स्वरापासून करावा. स्वर तेच, त्यांच्यामधली अंतरे तीच; पण सुरुवातीचा स्वर बदलला की रांगेचा चेहरा बदलतो. षड्जग्रामाच्या सात आणि मध्यमग्रामाच्या सात अशा १४ मूर्च्छना शार्ङ्गदेवाने वर्णिल्या आहेत. घरातील माणसे तीच, पण ओसरीवर कोण बसला आहे त्याप्रमाणे येणाऱ्याचे स्वागत निराळे होते, त्यातलाच हा प्रकार.

युरोपीय संगीतात स्वर एकापाठोपाठ एक येतात तसे एकावर एकही उभे राहतात. एका वेळी वाजणाऱ्या अशा स्वरांच्या उतरंडीला तिकडे कॉर्ड म्हणतात. आपण तिला स्वरसंघ म्हणू. सा, ग, प हा सर्वांत साधा स्वरसंघ होय. आता यातला सा उचलून वरच्या सप्तकात ठेवला, की तळाशी गंधार येतो आणि ग, प, सा अशी मांडणी होते. आणखी एकदा तसेच केले की प, सा, ग. या क्रियेला तिकडे इन्व्हर्शन असा शब्द आहे; मराठीत पालट म्हटले तरी अर्थ पोचतो. १७२२ साली रामो या फ्रेंच संगीतज्ञाने आपल्या स्वरसंवादावरील ग्रंथात असा सिद्धांत मांडला, की हे तिन्ही एकच होत. तळाला कोणीही बसो, मूळ मालक सा हाच. तळाचा स्वर आणि मूळ स्वर या दोन निराळ्या वस्तू आहेत, हा भेद रामोने केला आणि पुढील दोन शतके युरोपातील प्रत्येक विद्यार्थी तो घोकीत राहिला.

तीन स्वरांपुरता हा सिद्धांत निर्वेध चालतो. परंतु माणसे तीनवर थांबली नाहीत. एक स्वर सोडून एक या रीतीने उतरंड वाढत गेली. चौथा स्वर आला, मग पाचवा आला. हा पाचवा स्वर मूळ स्वरापासून मोजला असता नववा पडतो, म्हणून अशा स्वरसंघाला नवव्याचा स्वरसंघ म्हणतात. नववा म्हणजे वरच्या सप्तकातला रिषभ. येथपासून खरा तंटा सुरू होतो, आणि तो समजून घ्यायला घरातली पेटी पुरेशी आहे.

पांढरी तीन हा षड्ज मानावा. तिथून एकाआड एक पांढऱ्या पट्ट्या घेत जावे: तीन, पाच, सात, मग वरच्या सप्तकातील दोन आणि चार. हे स्वर झाले सा, कोमल ग, प, कोमल नि आणि वरचा कोमल रे. पाचव्या जागी पांढऱ्या चारऐवजी तिच्या शेजारची काळी तीन घेतली असती, तर रिषभ शुद्ध राहिला असता आणि काफी थाटाचे स्वर जमले असते. युरोपीय लोक ज्याला साधा मायनर नववा म्हणतात तो तोच. रिषभ अर्ध्या स्वराने खाली उतरवून कोमल केला, की तो विकृत नववा होतो. एवढ्या एका पट्टीच्या फरकाने काफीचे घर भैरवीचे झाले. विकृत मायनर नववा हे नाव भय घालणारे आहे. त्यातला ऐवज मात्र मैफलीच्या शेवटी आपण शतकानुशतके ऐकत आलो तोच आहे.

युरोपीय कानाला यात खटकणारे असते ते तळचा सा आणि वरचा कोमल रे यांचे एकाच वेळी वाजणे. तेरा अर्धस्वरांचे हे अंतर तिकडे फार कडक समजतात. आपल्याकडे मात्र भैरव मांडून बसलेला गवई तानपुऱ्याच्या खर्जावर कोमल रिषभ आंदोलित करतो, तेव्हा याच अंतरातून सकाळ उजाडते. कडवटपणा दोन्हीकडे आहेच. फरक एवढाच, की तिकडे तो सोडवावयाचा प्रश्न मानला जातो आणि इकडे तो राहण्याचे ठिकाण आहे.

आता या पाच पट्ट्यांचे पालट करून पाहावे. तळाची पांढरी तीन वर नेली आणि पाच नंबरची पांढरी तळाला आणली, म्हणजे पहिला पालट झाला. या नव्या तळाला सा मानून मोजले, तर उरलेले स्वर शुद्ध ग, प, शुद्ध ध आणि कोमल नि असे निघतात. हा खमाज होय. भैरवीच्या डोळ्यांतले पाणी कुठच्या कुठे जाते आणि ठुमरीचे नखरे दिसू लागतात. तिसऱ्या पालटात दुसरी पांढरी तळाला येते. तिथून रे, कोमल ग, म आणि शुद्ध ध मिळतात, म्हणजे पंचम वगळलेला काफी, थेट बागेश्रीच्या अंगणातला. चौथ्या पालटात नववा स्वरच, म्हणजे तो विकृत कोमल रिषभच, तळाला जाऊन बसतो. चौथ्या पांढरीवरून मोजले असता रे, तीव्र म, शुद्ध ध आणि शुद्ध नि. हे कल्याण थाटाचे स्वर! सर्वांत कडू समजला गेलेला स्वर पायाशी घातला आणि वर दिवेलागणीचा यमन उभा राहिला.

दुसरा पालट मुद्दाम मागे ठेवला, कारण तो अडेल आहे. पांढरी सात तळाला आली की कोमल ग, शुद्ध म, तीव्र म आणि कोमल ध असे स्वर हाती येतात. पंचम नाहीच. दोन मध्यम शेजारी पाहून ललताची आठवण व्हावी, तर गंधार कोमल. भातखंड्यांच्या दहा थाटांत या रांगेला जागा नाही. ज्या रांगेत षड्जाचा पंचमच नाही, तिला थाटात बसवायची कशी? पाच भावंडांपैकी चौघांना नावे मिळाली आणि एक बिननावाचे राहिले.

अशाच एका नाव नसलेल्या पालटावरून व्हिएन्नात मोठी मौज झाली. १८९९ साली आर्नोल्ड शोनबर्ग या २५ वर्षांच्या संगीतकाराने सहा तंतुवाद्यांसाठी ‘रूपांतरित रात्र’ ही रचना केली. शोनबर्ग बहुतांशी स्वतःच शिकलेला. मार्गदर्शन काय ते त्याचा मित्र त्सेम्लिन्स्की याचे. तिथल्या संगीतकारांच्या संस्थेकडे ती रचना गेली आणि परीक्षकांनी ती नाकारली. कारण असे देण्यात आले, की तिच्यात नवव्याच्या स्वरसंघाचा एक पालट आहे, ज्यात नववा स्वर तळाला येतो, आणि असा पालट शास्त्रात नाही. हा स्वरसंघ आपल्या उदाहरणातला नव्हे. पण जात तीच आणि तळाला बसलेला गुन्हेगारही तोच. पुढे शोनबर्गने या निकालाची चेष्टा केली: जे अस्तित्वातच नाही ते वाजवता येत नाही, तेव्हा संस्थेचे म्हणणे बरोबरच होते! १९११ साली त्याने स्वरसंवादावर जो भलामोठा ग्रंथ लिहिला, त्यातही या प्रकरणाचा उल्लेख करावयास तो विसरला नाही. अर्जात ज्या बाबीचा रकाना नाही ती बाब जगात नाही, असे मानणारी दफ्तरे सर्वच देशांत आहेत. तरीही रोझे यांच्या वादकसंचाने १९०२ च्या मार्चमध्ये ती रचना व्हिएन्नातच वाजविली, आणि नंतर ती शोनबर्गच्या सर्वांत लोकप्रिय रचनांपैकी एक ठरली.

परीक्षकांना केवळ हटवादी म्हणून सोडून देणे न्यायाचे होणार नाही. त्यांच्या नकारामागे एक खरी भीती होती. रामोचा सिद्धांत असा, की तळ बदलला तरी मालक ओळखू येतो. तीन स्वरांत तो ओळखू येतोच. चार स्वरांतही बहुधा येतो. मात्र तिथेच एक फट आहे. प, नि, रे, म आणि कोमल ध असा नवव्याचा स्वरसंघ घेऊन त्यातला मूळचा पंचम काढून टाकला, तर उरलेले चार स्वर एकमेकांपासून नेमके तीन-तीन अर्धस्वरांवर पडतात. त्यांचा कोणताही पालट करा, अंतरे जशीच्या तशी. ते चौघांचे सामाईक घर झाले. मालक कोण हे कानाला सांगताच येत नाही. पाच स्वरांत निराळीच अडचण होते. नववा स्वर मूळ स्वरापासून दूर, वरच्या मजल्यावर राहतो तोवरच तो नववा. त्याला तळाला आणला, की मूळ स्वर त्याच्या डोक्यावर येतो आणि कान नव्या तळालाच षड्ज मानू लागतो. भैरवी म्हणून आत शिरलेला माणूस कल्याण म्हणून बाहेर पडतो. मग तो जुन्याच स्वरसंघाचा पालट की नवाच स्वरसंघ? परीक्षकांनी उत्तर देण्याऐवजी दार लावून घेतले. प्रश्न मात्र योग्य होता.

या प्रश्नाला शार्ङ्गदेवाच्या मूर्च्छनेत उत्तर आहे, आणि ते रामोच्या नेमके उलट आहे. मूर्च्छनेत जुन्या मालकाची आठवण ठेवण्याचे बंधन नाही. ज्याच्यापासून आरंभ झाला त्याचा अंमल सुरू झाला. रामोची दृष्टी वतनदारीची आहे. मुलखात कुणीही कसो, मूळ सनद ज्याची त्याचीच मालकी. मूर्च्छनेची दृष्टी गादीची आहे. तीन स्वरांपर्यंत पहिली दृष्टी कानाला पटते, पाच स्वरांपाशी दुसरी पटू लागते. शोनबर्गचा तो पालट या दोन दृष्टींच्या नेमका शिवेवर उभा होता.

दैवदुर्विलास असा, की युरोपला मूर्च्छनेची आठवण व्हावी अशी वेळ आली, तोवर आपण तिला केव्हाच मागे टाकले होते. सोळाव्या-सतराव्या शतकांपर्यंत आपल्या संगीतात षड्ज एका जागी पक्का झाला. तानपुरा आला, खर्ज अखंड वाजू लागला, आणि राग ओळखायचा तो त्या खर्जाच्या नात्याने अशी रीत पडली. यात तोटा झाला असे कोण म्हणेल? अढळ षड्जामुळेच एकेका स्वराचे एवढे बारकावे निघाले. पण तळ हलविण्याची विद्या ग्रंथांत राहिली. १९१० च्या सुमारास भातखंड्यांनी थाटांची व्यवस्था लावली ती अढळ षड्ज आणि अढळ पंचम धरूनच. त्याच वर्षी सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी २२ श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक छापले. पुढे न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने श्रुतींची पेटीही तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती वाजवून दाखविली, तेव्हा गवयांचे आणि शास्त्रज्ञांचे एकमत होऊ शकले नाही. भांडण सारे दोन स्वरांमधल्या अंतराचे होते. स्वर एकावर एक ठेवण्याचा प्रश्न तिथे गौणच होता.

खरे तर साधन घरात होते. पेटीचा डावा हात भात्यात अडकलेला, त्यामुळे स्वरसंघ वाजविण्याची सोय बेताची. परंतु मराठी रंगभूमीवर आलेल्या पायपेटीने, म्हणजे ऑर्गनने, वादकाचे दोन्ही हात मोकळे केले होते. तरीही नाट्यपदाच्या साथीत दुसरा हात बहुधा आधाराचा षड्ज-पंचम धरून राहिला, आणि गायकाला हवे होते तेही तेवढेच. १९४० च्या मार्चपासून तर आकाशवाणीने पेटीला आपल्या केंद्रांवर मज्जावच केला. तो १९७० नंतरच्या वर्षांत सैल झाला. पेटीचे स्वर ठोकळेबाज असतात हा आक्षेप खोटा नव्हता. पण न्यायासनावर बसलेल्यांनी वाद्याच्या एका दोषासाठी त्याला तीस वर्षे बाहेर उभे करावे, यात व्हिएन्नाच्या परीक्षकांची थोडी छटा आहेच.

दोन्ही तीरांवर पाय ठेवून पाहणारी माणसे थोडी होती, पण होती. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून पंजाबात मराठी गायकीची पेठ वसविली. त्यांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी मुंबईत स्क्रिन्झी नावाच्या इटालियन संगीतज्ञाकडे पाश्चात्त्य संगीताचे धडे घेतले, आणि याच देवधरांच्या विद्यालयात कुमार गंधर्व घडले. १९५२ साली आकाशवाणीचा वाद्यवृंद स्थापन झाला, त्याच्या रचनांत स्वरांची उतरंड जपून, पाय चाचपीत टाकलेली दिसते. धिटाईने ती टाकली गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आलेल्या या मंडळींनी हिंदी गाण्यांच्या मागे व्हायोलिनांच्या रांगा उभ्या केल्या. त्यांतील अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत भारतीय रागांवर आधारलेल्या वाद्यवृंद-रचनांची मैफल केली आणि तिच्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांना गाण्यास बोलावले. भैरवीच्या गाण्याखाली स्वरसंघ घालताना तळाला कोणता स्वर ठेवावा, हा प्रश्न अशा संयोजकांपुढे रोजचाच होता. तळाला पंचमी पांढरी ठेवली की गाणे हसऱ्या चेहऱ्याचे होते, तिसरी ठेवली की गळा दाटतो, आणि गायकाची चाल मात्र तसूभरही बदललेली नसते.

याचा पडताळा घ्यायला व्हिएन्ना लागत नाही की पॅरिस लागत नाही. पेटीवर तळाला चौथी पांढरी धरावी आणि तिच्यावर पाच, सात, वरची दोन आणि वरची तीन ठेवावी. खोलीत दुसरा आवाज नसेल, तर यमनाचा तीव्र मध्यम स्पष्ट ऐकू येतो. आता पांढरी तीनमध्ये लावलेला तानपुरा शेजारी सुरू करावा आणि पेटीवरचे बोट मुळीच हलवू नये. दोन-चार आवर्तने होतात न होतात, तोच यमन विरघळू लागतो आणि ती चौथी पांढरी पुन्हा भैरवीचा कोमल रिषभ होऊन बसते.